मैदानावरचा निकाल आणि खोलीतला निर्णय

१

फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा फुटबॉल संघ २०२३च्या हंगामात डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत १३ सामने खेळला आणि तेराच्या तेरा जिंकला. तेरावा विजय त्याला आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या गटाचे, विजेतेपद देऊन गेला. दुसऱ्याच दिवशी, ३ डिसेंबरच्या रविवारी, राष्ट्रीय विजेतेपदाच्या प्लेऑफसाठी, म्हणजे बाद फेरीसाठी, चार संघ जाहीर झाले. त्यांत प्रत्येकी एक सामना हरलेले टेक्सस आणि अलाबामा होते. फ्लोरिडा स्टेट नव्हते. संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईची सूत्रे हाती असलेला खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये पायाला जबर दुखापत होऊन बाहेर पडला होता आणि त्याच्याविना हा संघ पूर्वीचा राहिला नव्हता, असे कारण निवड समितीने दिले. चार आठवड्यांनी, हंगामानंतरच्या ऑरेंज बोल सामन्यात, जॉर्जियाने त्याच फ्लोरिडा स्टेटला ६३–३ असे चिरडले. समितीची बाजू घेणारे म्हणाले, हेच तर आम्ही सांगत होतो. विरोधक म्हणाले, हक्काची जागा गेल्यावर संघातले बरेच प्रमुख खेळाडू त्या सामन्याला उतरलेच नाहीत, मग त्यावरून सिद्ध काय होते? दोन्ही बाजू आजही आपापल्या जागी ठाम आहेत.

या एका निवडीत या पुस्तकाचा सगळा विषय सामावलेला आहे. जिंकलेल्या सामन्यांना मोल द्यायचे की पुढे जिंकण्याच्या शक्यतेला? दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांवरचे १३ विजय मोठे, की तगड्या प्रतिस्पर्ध्यांशी खेळून मिळवलेले १२? आणि हे ठरवणार कोण: पत्रकार, प्रशिक्षक, संगणक, की बंद दाराआड बसलेली १३ माणसे?

हा प्रश्न उभा का राहतो, हे कळण्यासाठी खेळाचे स्वरूप ध्यानात घ्यावे लागते. अमेरिकन फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन पळण्याचा, फेकण्याचा आणि अंगावर अंग आदळण्याचा खेळ. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्याच्या हाती द्यायचा. शरीराची इतकी झीज होते की आठवड्याला एकाहून अधिक सामना खेळवणे परवडत नाही. त्यामुळे नियमित हंगामात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण १२ सामने येतात. विद्यापीठीय फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत मात्र आज १३०हून अधिक संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचे म्हटले तर आठ हजारांहून अधिक सामने लागतील. होतात आठशेच्या आसपास. म्हणजे हंगाम संपतो तेव्हा निकालासाठी लागणाऱ्या पुराव्याचा जेमतेम दहावा हिस्सा हाती असतो. उरलेली जागा माणसाला तर्काने भरावी लागते, आणि तर्क आला की मतभेद आलेच.

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेशी ज्यांचा कधी संबंध आला असेल, त्यांना यातला ताण ओळखीचा वाटेल. प्राथमिक फेरीनंतर लागणाऱ्या यादीची वाट पाहणारे विद्यार्थी, यादीत आपले कॉलेज नसले की होणारा संताप आणि वर्षानुवर्षे पुरणारी चर्चा, हे सगळे तिथेही असते. २०२२ साली परीक्षकांनी करंडकासाठी एकही एकांकिका पात्र नाही असा निर्णय दिला, तेव्हा पात्रता कशाला म्हणायचे यावर नाट्यवर्तुळात मोठी खळबळ उडाली होती. पण एकांकिकेला गुणफलक नसतो, म्हणून तिथे परीक्षक लागतात. फुटबॉलला गुणफलक असतो, आणि तरीही शेवटी परीक्षक लागतात. हे कसे घडले, त्याचा इतिहास दीडशे वर्षांचा आहे.

२

पहिला विद्यापीठीय सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविक इथे झाला आणि रटगर्सने प्रिन्स्टनला ६–४ असे हरवले. तो खेळ आजच्या सॉकरला अधिक जवळचा होता. येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८०च्या दशकात त्याला आजच्या अमेरिकन फुटबॉलकडे नेणारे नियम दिले. सुरुवातीची कित्येक वर्षे पूर्वेकडच्या चार-दोन विद्यापीठांपलीकडे श्रेष्ठत्वाचा प्रश्नच उद्भवला नाही. खेळ पश्चिमेला आणि दक्षिणेला पसरला, तसा तो उद्भवला.

इथे एक वेगळी वाट पडली आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ तिच्यात आहे. हंगामानंतरचे मोठे सामने कुठल्या क्रीडासंस्थेने भरवले नाहीत. ते गावांनी भरवले. कॅलिफोर्नियातल्या पासाडेना गावात नववर्षाच्या गुलाबोत्सवाला गर्दी जमावी म्हणून १९०२ साली मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवला गेला. मिशिगनने तो ४९–० असा जिंकला. १९१६पासून हा सामना दरवर्षी होऊ लागला आणि नव्या मैदानाच्या नावावरून त्याला रोझ बोल म्हणू लागले. ऐन थंडीत उबदार हवा असलेल्या इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले: मायामीचा ऑरेंज बोल आणि न्यू ऑर्लिन्सचा शुगर बोल १९३५पासून, डॅलसचा कॉटन बोल १९३७पासून. यजमानांना हवे असायचे ते नावाजलेले संघ आणि त्यांच्यामागे रेल्वेने येणारे हजारो चाहते. पहिल्या क्रमांकाच्या संघाची दुसऱ्या क्रमांकाशी गाठ घालून देणे हे त्यांचे कामच नव्हते. विद्यापीठीय खेळांची मध्यवर्ती संस्था एनसीएए हिने खालच्या श्रेणींसाठी १९७०च्या दशकात रीतसर बाद फेरी सुरू केली. सर्वोच्च श्रेणीला मात्र तिने आजवर स्वतःचे अधिकृत विजेतेपद दिलेले नाही.

विजेता ठरवणारी यंत्रणा नाही आणि विजेता कोण हे जाणण्याची उत्सुकता मात्र अपार, या पोकळीत दोन गोष्टी शिरल्या. पहिली गणित. इलिनॉय विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक डिकिन्सन यांनी १९२६ साली प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीप्रमाणे विजयाला गुण देणारी पद्धत मांडली. दुसरी मतदान. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने १९३६पासून क्रीडापत्रकारांची साप्ताहिक क्रमवारी छापायला घेतली आणि पहिल्या वर्षी मिनेसोटाला विजेते ठरवले. शनिवारचा सामना संपल्यावर पुढच्या शनिवारपर्यंत वाचकांना बोलायला विषय हवा, हा त्यामागचा हेतू होता आणि तो अपेक्षेपलीकडे सफल झाला. १९५०पासून प्रशिक्षकांचीही स्वतंत्र क्रमवारी आली. आता एकाच वर्षी दोन विजेते होऊ शकत होते, आणि अनेकदा झालेही.

त्या काळातली एक विसंगती आज वाचताना थक्क करते. अंतिम मतदान बोल सामन्यांच्या आधीच उरकले जाई. १९६४च्या हंगामात अलाबामाला दोन्ही क्रमवारींनी विजेते घोषित केले आणि त्यानंतर ऑरेंज बोलमध्ये टेक्ससने त्याला २१–१७ असे हरवले; किताब कायम राहिला. पत्रकारांनी १९६८पासून आणि प्रशिक्षकांनी १९७४पासून बोल सामन्यांनंतर मतदान करण्याचा नियम पाळला.

मतदानाच्या युगाने अनेक जखमा मागे ठेवल्या. १९६६ साली नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट हे दोन अव्वल संघ ईस्ट लान्सिंगला भिडले आणि सामना १०–१० असा बरोबरीत सुटला. अखेरच्या मिनिटांत नोत्र दामने धोका न पत्करता बरोबरी का स्वीकारली, यावर अजून लिहिले जाते. १९६९ साली आर्कान्सॉला १५–१४ असे हरवणाऱ्या टेक्ससच्या हाती खुद्द राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी अव्वल क्रमांकाचे मानचिन्ह ठेवले. त्याच वर्षी पेन स्टेटही अपराजित होते. त्यांना तो अन्याय कधी विसरता आला नाही. १९८४ साली युटा राज्यातल्या ब्रिगम यंग विद्यापीठाने सर्व १३ सामने जिंकून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्यांचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, ही तक्रार तेव्हापासून आजपर्यंत शब्द न बदलता चालत आली आहे.

३

१९८४ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी ओक्लाहोमा विद्यापीठाच्या दाव्यात दूरचित्रवाणी हक्कांवरची एनसीएएची मक्तेदारी मोडीत काढली. विद्यापीठे आणि त्यांच्या कॉन्फरन्स स्वतःचे हक्क विकू लागल्या. कॉन्फरन्स म्हणजे मुळात शेजारशेजारच्या विद्यापीठांनी आपापसांत खेळण्यासाठी केलेला संघ-समूह. आता ती मोठी आर्थिक सत्ता झाली. अव्वल दोन संघांचा सामना हा सर्वांत महाग विकला जाणारा माल आहे, हेही सगळ्यांना कळले.

१९९० आणि १९९१ या सलग दोन वर्षी किताब विभागला गेला. मग १९९२ आणि १९९५ साली तडजोडीच्या दोन व्यवस्था झाल्या. पण रोझ बोलशी बांधलेल्या बिग टेन आणि पॅक-टेन या कॉन्फरन्स बाहेर राहिल्या, आणि १९९७ साली मिशिगन व नेब्रास्का हे दोन अपराजित संघ एकमेकांशी न खेळताच अर्ध्या-अर्ध्या किताबाचे धनी झाले. अखेर १९९८पासून बोल चॅम्पियनशिप सिरीज, म्हणजे बीसीएस, सुरू झाली. मतदान आणि संगणकी क्रमवारी यांची बेरीज करायची, पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांना खेळवायचे. कागदावर हे इतके स्वच्छ दिसत होते की वाद मिटला असे अनेकांना वाटले.

२००३ साली दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ अंतिम सामन्याबाहेर राहिला, आणि आपल्याच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५–७ अशी हार खाल्लेले ओक्लाहोमा आत गेले. पुढच्याच वर्षी ऑबर्न एकही सामना न हरता बाहेर राहिले. असोसिएटेड प्रेसने त्यानंतर आपली क्रमवारी या गणितासाठी वापरू देणे बंद केले. २००८च्या हंगामात युटाने १३ पैकी १३ सामने जिंकले, शुगर बोलमध्ये बलाढ्य अलाबामाला ३१–१७ असे लोळवले, तरी किताब दुसरीकडे गेला. नुकतेच राष्ट्राध्यक्षपदी निवडून आलेल्या बराक ओबामांनी आठ संघांच्या प्लेऑफची जाहीर मागणी केली; युटाचे सिनेटर ऑरिन हॅच यांनी सिनेटमध्ये सुनावणी घडवून आणली. २०११च्या हंगामात अंतिम सामना लुइझियाना स्टेट (एलएसयू) आणि अलाबामा या एकाच विभागातल्या दोन संघांमध्ये झाला. ते आधी एकदा खेळले होते आणि एलएसयू जिंकले होते. दुसऱ्या भेटीत अलाबामाने २१–० असा किताब नेला. ओक्लाहोमा स्टेट बाहेरून पाहत राहिले. बीसीएसचा शेवट तिथे निश्चित झाला.

२०१४च्या हंगामापासून चार संघांची प्लेऑफ आली आणि संगणकाच्या जागी निवड समिती बसली. टेक्ससमधल्या ग्रेपव्हाइन गावातल्या हॉटेलात ही समिती भरते. माजी प्रशिक्षक, विद्यापीठांचे क्रीडा संचालक, माजी खेळाडू असे तिचे सदस्य असतात. पहिल्या समितीत माजी परराष्ट्रमंत्री कोंडोलिझा राइस होत्या. आपल्या विद्यापीठाचा विषय निघाला की सदस्याने खोलीबाहेर जायचे, असा नियम आहे. पहिल्याच वर्षी, शेवटच्या आठवड्यात तिसऱ्या क्रमांकावर असलेले टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठ (टीसीयू) आपला अखेरचा सामना ५५–३ असा जिंकूनही सहाव्या क्रमांकावर घसरले, आणि विस्कॉन्सिनला ५९–० असे हरवणारे ओहायो स्टेट चौथे होऊन आत आले. ओहायो स्टेटने मग तो किताबही जिंकला. २०२१ साली सिनसिनाटीने लहान कॉन्फरन्समधून प्लेऑफमध्ये पोचण्याचा पहिला मान मिळवला. २०२४पासून संघ १२ झाले: क्रमवारीत सर्वांत वर असलेले पाच कॉन्फरन्स विजेते आणि समितीने निवडलेले सात.

या सगळ्या घडामोडींतून एक गोष्ट दिसते. दार जितके रुंद केले, तितका वाद पुढे सरकला; संपला नाही. आधी तो दुसऱ्या आणि तिसऱ्या संघात होता, मग चौथ्या-पाचव्यात, आता बाराव्याच्या आसपास. म्हणून रचना बदलून वाद मिटवण्याची आशा सोडून, वादाचे निकष तपासणे हेच शहाणपणाचे आहे.

४

या वादात ढोबळमानाने पाच भूमिका आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीशी प्रामाणिक युक्तिवाद आहे.

पहिली भूमिका कामगिरीची. कोणाशी खेळलात, कुठे खेळलात, कितींना हरवलेत, एवढेच पाहावे. हरलेला सामना हरलेलाच आणि जिंकलेला जिंकलेलाच. हे मोजण्यासाठी अलीकडे एक चांगली कसोटी वापरतात: तुमच्या वेळापत्रकावर एखादा सर्वसाधारण अव्वल संघ खेळला असता, तर तुमच्याइतके विजय मिळवण्याची त्याची शक्यता किती? शक्यता जितकी कमी, तितके तुमचे यश मोठे. फ्लोरिडा स्टेटचे समर्थक याच भूमीवर उभे होते.

दुसरी भूमिका ताकदीची. प्लेऑफमध्ये आज सर्वांत बलवान असलेले संघ हवेत, मग त्यांच्या खात्यात एखादी हार का असेना. दुखापती, सूर, खेळाडूंचा दर्जा हे सगळे जाणत्या डोळ्याला दिसते, असे या बाजूचे म्हणणे. समितीच्या नियमावलीतच महत्त्वाच्या खेळाडूच्या गैरहजेरीचा विचार करण्याची मुभा आहे. या बाजूचा लाडका दाखला २०१७चा अलाबामा: कॉन्फरन्सचे विजेतेपद नसताना आत घेतलेला आणि जॉर्जियाला २६–२३ असे हरवून विजेता ठरलेला. पण या दाखल्यात एक खोच आहे. आत घेतलेला संघ जिंकला की निवड योग्य ठरते. बाहेर ठेवलेल्याला मात्र तसे सिद्ध करण्याची संधीच नसते. त्याच हंगामात सेंट्रल फ्लोरिडाने १३ पैकी १३ सामने जिंकले. त्यांचा शेवटचा विजय ऑबर्नवर होता, आणि ऑबर्नने हंगामात अलाबामा व जॉर्जिया या दोन्ही अंतिम स्पर्धकांना एकेकदा हरवले होते.

तिसरी भूमिका गणिताची. जोडीजोडीने झालेल्या तुलनांमधून सगळ्यांचा क्रम कसा लावायचा, हा संख्याशास्त्रातला जुना प्रश्न आहे. ब्रॅडली आणि टेरी यांनी १९५२ साली मांडलेले सूत्र आजही त्यासाठी वापरतात. बीसीएसमधल्या संगणकी पद्धतींपैकी एक खगोलभौतिकीचे अभ्यासक वेस्ली कॉली यांची होती. २०१७च्या अखेरीस तिने सेंट्रल फ्लोरिडालाच पहिला क्रमांक दिला. गणितज्ञांतही एकमत नाही. विजयाचे अंतर मोजले तर अंदाज अचूक येतात, पण मग दुबळ्या संघाला ७० गुणांनी तुडवण्याला बक्षीस मिळते. बीसीएसने २००२ साली संगणकांना अंतर मोजायला मनाई केली. माहिती दडवून नेमके उत्तर मागणे चूक आहे, असे म्हणत संख्याशास्त्रज्ञ हॅल स्टर्न यांनी आपल्या सहकाऱ्यांना या व्यवस्थेवर बहिष्कार घालण्याचे आवाहन केले होते.

गणिताची मर्यादा २००८ साली बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सच्या दक्षिण विभागात उघडी पडली. टेक्ससने ओक्लाहोमाला ४५–३५ असे हरवले, टेक्सस टेकने टेक्ससला ३९–३३ असे, आणि ओक्लाहोमाने टेक्सस टेकला ६५–२१ असे. तिघांचाही कॉन्फरन्समध्ये एकेकच पराभव. परस्परांतला निकाल पाहावा तर चक्र सुरू होते आणि ते कुठेच थांबत नाही. शेवटी बीसीएसच्या क्रमवारीने ओक्लाहोमाला पुढे पाठवले. इथे कोणते उत्तर बरोबर होते, हे कुठलेही सूत्र सांगू शकत नाही. आधी कोणता निकष मानायचा हे माणसांनीच ठरवावे लागते.

चौथी भूमिका प्रवेशाच्या हक्काची. प्रत्येक कॉन्फरन्सच्या विजेत्याला आपोआप जागा द्या, म्हणजे देशातल्या कुठल्याही कोपऱ्यातल्या संघाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असेल की काय केले असता दार उघडते. या बाजूला समितीची मर्जी नको, वाट हवी आहे. उत्तर असे मिळते की सगळ्या कॉन्फरन्स सारख्या नाहीत, आणि एकीचा विजेता दुसरीतल्या चौथ्या संघापुढेही टिकणार नाही.

पाचवी भूमिका परंपरेची, आणि ती हटवादी म्हणून झटकून टाकता येत नाही. प्रत्येक शनिवार जीवनमरणाचा असणे हे या खेळाचे वैभव होते. एक हार झाली की स्वप्न संपे. प्लेऑफ रुंद होत गेली तसे ते दडपण ओसरले. शिवाय अनेक संघ एकाच वेळी आपापला बोल सामना जिंकून समाधानाने हंगाम संपवत. आता एकाच संघाचा शेवट गोड होतो. अलाबामा, नेब्रास्का यांसारख्या राज्यांत वरच्या दर्जाचा व्यावसायिक संघ नाही. तिथे विद्यापीठाचा संघ हाच राज्याचा संघ. ॲन आर्बर, कोलंबस, स्टेट कॉलेज इथल्या मैदानांत लाखाहून अधिक माणसे बसतात. त्यांच्या भावनेचा विचार व्हायलाच हवा.

५

हा विषय आजच समजून घेण्याची निकड का? कारण निवडीचे परिणाम आता पूर्वीपेक्षा फार मोठे आहेत. ईएसपीएन वाहिनीने २०२४ साली प्लेऑफच्या प्रक्षेपणासाठी सहा वर्षांचा ७८० कोटी डॉलरचा करार केला. २०२४च्या हंगामात प्लेऑफमध्ये नुसते पाऊल ठेवले तरी संघाच्या कॉन्फरन्सला ४० लाख डॉलर मिळत होते आणि प्रत्येक फेरीला त्यात भर पडत होती. २०२१पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावता येऊ लागले आणि २०२५मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ लागली. चांगले खेळाडू प्लेऑफमध्ये जाणाऱ्या संघाकडे ओढले जातात, म्हणजे आजची निवड उद्याची ताकद घडवते.

दुसरीकडे पुरावा विरळ होत चालला आहे. पैशाच्या ओढीने विद्यापीठांनी कॉन्फरन्स बदलल्या. पॅसिफिक किनाऱ्यावरची जुनी, मानाची पॅक-ट्वेल्व्ह २०२४मध्ये दोन सदस्यांवर आली, तर बिग टेनचे सदस्य १८ झाले. आता एकाच कॉन्फरन्समधले अनेक संघही वर्षभर एकमेकांना भेटत नाहीत.

गेल्या दोन हंगामांनी सगळे प्रश्न नव्याने धगधगते केले. २०२४ साली अंतिम जागेसाठी तीन सामने हरलेले अलाबामा आणि कॉन्फरन्सचा अंतिम सामना शेवटच्या किकवर गमावलेले सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ (एसएमयू) यांत तुलना झाली आणि एसएमयू आत आले. आठव्या मानांकनाचे ओहायो स्टेट किताब घेऊन गेले. २०२५ साली नोत्र दाम आणि मायामी या दोघांच्याही खात्यात दहा विजय आणि दोन पराभव होते. हंगामाच्या सुरुवातीला मायामीने नोत्र दामला २७–२४ असे हरवले होते, तरी समितीने आठवडेच्या आठवडे नोत्र दामला वर ठेवले. शेवटच्या रविवारी, त्या आठवड्यात दोघांपैकी कोणीही खेळले नसताना, दोघांमध्ये असलेला ब्रिगम यंगचा संघ घसरला, ते शेजारी आले आणि तेव्हा कुठे परस्परांतला निकाल निर्णायक ठरला. नोत्र दामने मग बोल सामना खेळायलाच नकार दिला. आणि कसेबसे आत आलेले मायामी थेट अंतिम सामन्यापर्यंत पोचले. तिथे त्याला हरवणारे इंडियाना हे कैक दशके पराभवांसाठीच ओळखले गेलेले विद्यापीठ होते. नामांकित नावांवरून ताकद ओळखण्याची सवय किती फसवी आहे, याचा याहून ठळक पुरावा मागायचे कारण नाही.

६

या पुस्तकामागची भूमिका इथे स्पष्ट सांगणे मी माझे कर्तव्य समजतो. माझ्या मते मैदानावर जे घडले, त्याला घडू शकणाऱ्यापेक्षा नेहमी अधिक मोल मिळाले पाहिजे. खेळाडूच्या हाती एकच गोष्ट असते: समोर आलेला सामना जिंकणे. आपले वेळापत्रक तो आखत नाही, आपली कॉन्फरन्स तो निवडत नाही, सहकाऱ्याचा मोडलेला पाय तो जोडू शकत नाही. ज्याने हातातले सगळे केले त्याला, तू केलेस ते खरे पण आम्हाला तू बलवान वाटत नाहीस, असे सांगणे म्हणजे खेळण्याचा अर्थच काढून घेणे. २०२३चा निर्णय म्हणूनच मला चुकीचा वाटतो, आणि नंतरच्या ६३–३ने तो बरोबर ठरत नाही.

त्याच वेळी, समितीची गरज नाकारणेही मला अप्रामाणिक वाटते. इतक्या तुटपुंज्या पुराव्यावर निवड करायची तर माणसाचा विवेक लागणारच. मागणी असायला हवी ती वेगळी: निकष हंगामाआधी ठरवा, त्यांचा उतरता क्रम जाहीर करा आणि डिसेंबरमध्ये तोच क्रम पाळा. २०२५ साली मायामीला जागा मिळाली यात गैर काही नव्हते. गैर होते ते हे, की ज्या कारणाने ती मिळाली ते कारण हंगामाच्या सुरुवातीपासून सर्वांसमोर असूनही डिसेंबरपर्यंत त्याला वजन नव्हते.

माझी ही मते वाचकावर लादण्यासाठी मात्र हे पुस्तक नाही. वादग्रस्त हंगाम एकेक घेऊन, त्या वेळी निवड करणाऱ्यांच्या हाती काय होते तेवढेच आधी मांडायचे आणि पुढे काय झाले ते नंतर सांगायचे, अशी त्याची रीत आहे. निकाल ठाऊक असला की सगळेच शहाणे होतात; तो ठाऊक नसताना निवड किती अवघड असते, हे वाचकाला स्वतः अनुभवता यावे अशी इच्छा आहे. प्रत्येक वादातली बाहेर राहिलेल्याची बाजूही तितक्याच ताकदीने मांडलेली आढळेल, कारण इतिहास बहुधा आत गेलेल्यांचाच लिहिला जातो. संख्याशास्त्र जिथे लागते तिथे ते शाळेतल्या गणितावर उभे राहील एवढे सोपे करून घेतले आहे. खेळाचे नियम अजिबात माहीत नसलेल्या वाचकालाही अडणार नाही याची काळजी घेतली आहे. ओहायो किंवा टेक्ससमध्ये स्थायिक झालेल्या, शनिवारी मुलांबरोबर सामना पाहणाऱ्या मराठी आईवडिलांना हे पुस्तक त्या घरगुती वादांत भाग घेण्याइतके सज्ज करील, अशी आशा आहे.

मराठीत या विषयावर सविस्तर लिहावे असे वाटण्यामागे आणखी एक कारण आहे. प्रवेश, पुरस्कार, निवड, नेमणूक: आपल्या सार्वजनिक आयुष्यातही कमी जागा आणि अधिक लायक उमेदवार असा पेच सतत येतो, आणि तिथे निकष बहुधा न बोलता वापरले जातात. कॉलेज फुटबॉलने हा पेच शंभर वर्षे उघड्यावर, आकड्यांसकट, लाखो लोकांसमोर चर्चिला आहे. न्याय्य निवड कशी करावी याचा इतका मोठा, इतका तपशीलवार आणि इतक्या आवेशाने चाललेला सार्वजनिक अभ्यास दुसरा क्वचितच सापडेल. म्हणून वाचकाला एकच विनंती आहे. पहिल्या प्रकरणाकडे जाण्यापूर्वी आपला निकष कागदावर लिहून ठेवावा: कामगिरी आधी की ताकद, विजेतेपद आधी की वेळापत्रक. मग प्रत्येक हंगामाला तोच लावावा, आवडत्या संघाच्या विरुद्ध गेला तरी. तसे शेवटपर्यंत करता आले, तर समितीवर टीका करण्याचा अधिकार वाचकाने कमावलेला असेल.